कार्यक्षमता: कुणाच्या हिशेबात?

मार्च 2022 मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला. 2050 पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं, हे त्याचं उद्दिष्ट. इमारतींची वीज, वाहतूक, कचरा, पाणी, सगळ्याचा विचार त्यात आहे. काम मेहनतीचं आहे, हे आधी मान्य करू. माझी हरकत आकड्यांना नाही. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या 'कार्यक्षमता' या कल्पनेला आहे.

कार्यक्षमता म्हणजे शेवटी एक भागाकार. जे मिळालं त्याला खर्चानं भागायचं. पण खर्चात काय धरायचं? ते गणित सांगत नाही, हद्द आखणारा सांगतो. आराखड्याची हद्द महापालिकेची आहे. आता बघा, मुंबईला रोज साधारण 385 कोटी लिटर पाणी मिळतं, सात तलावांमधून. त्यातले तुळशी आणि विहार हे दोन छोटे तलाव तेवढे शहरात. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मुंबईनं पाणी काटकसरीनं वापरलं, तरी त्या पाड्यांचं काय, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

हा प्रश्न जुना आहे. मुंबईला वीज हवी म्हणून मुळशीला धरण होऊ लागलं, तेव्हा 1921 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. धरण झालंच.

दुसरी गोष्ट. विल्यम स्टॅनली जेव्हन्स आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना तर्कशास्त्रामुळे माहीत असतो. त्यानं 1865 मध्ये दाखवून दिलं, की इंजिनं कमी कोळशात चालू लागली की देशाचा कोळसा वाचत नाही, उलट जास्त खपतो. स्वस्त झालं की वापर वाढतो. कमी वीज खाणारा एसी आला, की एका खोलीतला एसी तीन खोल्यांत जातो, तसंच हे.

कुणी म्हणेल, मग काय गळती थांबवायची नाही? थांबवायचीच! पण वाचलेलं पाणी कुणाचं, ते आधी ठरवायचं. मुंबईसाठी वाडा तालुक्यात गारगाई धरणाचा प्रस्ताव आहे, रोज 44 कोटी लिटरचा. त्यात तानसा अभयारण्याचं जंगल आणि काही गावं बुडणार. गळती थांबवून मिळालेलं पाणी या 44 कोटींतून वजा होणार, की नव्या टॉवरांना जाणार? पहिलं झालं तर ती बचत. दुसरं झालं तर ती नुसती वाढ.

महानगर प्रदेशात आज नऊ महापालिका आहेत. प्रत्येकीनं आपापल्या हद्दीपुरता हिशेब मांडला, तर नऊही कार्यक्षम ठरतील आणि शहापूरचा टँकर चालूच राहील. म्हणून हिशेब सगळ्या प्रदेशाचा एकत्र हवा, आणि जिथून पाणी येतं ती गावं त्यात पहिल्या ओळीत हवीत.