निदान शंभर वर्षे

जानेवारी १९५२ मध्ये गणनयंत्रे विचार करतात काय, या विषयावरील एक संवाद बी.बी.सी.ने प्रसारित केला. गणिती ट्यूरिंग व न्यूमन, मेंदूचे शल्यचिकित्सक जेफरसन आणि तत्त्वज्ञ ब्रेथवेट हे त्यात सहभागी होते. ट्यूरिंग यांनी ‘विचार’ या शब्दाची व्याख्या करण्याचे टाळून यंत्रविद्येत तज्ज्ञ नसलेल्या पंचांची कसोटी सुचविली. ही युक्ती चतुर खरी. शब्दाचा अर्थ मात्र तीमुळे निश्चित होत नाही.

संवादाचे मोल न्यूमन यांच्या एका उपप्रश्नात आहे. कोणत्याही प्रश्नास मज्जाव नसेल तर यंत्राला टिकाव धरण्यास दीर्घ काळ लागेल ना, अशी त्यांची पृच्छा होती. ट्यूरिंग यांनी निदान १०० वर्षे सांगितली. १९५० च्या निबंधात त्यांनीच सुमारे ५० वर्षांचा अंदाज वर्तविला असल्याने येथे विसंगती भासते. ती टिकत नाही. निबंधातील प्रश्नोत्तरे ५ मिनिटांची होती, आणि सामान्य परीक्षकाने शेकडा ३० वेळा फसावे एवढीच तेथील अपेक्षा. न्यूमन यांनी ही मर्यादाच काढून टाकली. आजच्या संभाषक यंत्रांविषयी ट्यूरिंग यांचा हवाला देताना यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर अभिप्रेत आहे, हे सांगणे म्हणूनच अवश्य ठरते.

संवादाची लिखित संहिता उपलब्ध आहे, ध्वनिमुद्रण नाही. ‘निदान’ हा शब्द गांभीर्याने उच्चारला गेला की हसत, हे संहितेवरून कळत नाही.