कातारी आणि शिल्पकार

ऑक्टोबर १९२६ मध्ये शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुसीची काही शिल्पे बोटीने न्यूयॉर्क बंदरात उतरली. त्यांत 'बर्ड इन स्पेस' हे ब्राँझचे शिल्प होते. नाव पक्ष्याचे, पण पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत. आरशासारखा चकाकणारा, मध्यभागी किंचित फुगून वर निमुळता होत गेलेला एक आकार. कलाकृतींवर अमेरिकेत जकात नव्हती. जकात अधिकाऱ्यांनी मात्र या वस्तूची नोंद स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचे साहित्य या सदरात केली आणि ४० टक्के जकात आकारली. प्रकरण न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल शिल्पकाराच्या बाजूने लागला. आधुनिक कलेचा इतिहास सांगणारे लोक हा निकाल मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि अभिमान रास्तही आहे.

पण त्या साक्षीपुराव्यातली एक गोष्ट मला नेहमी खटकते. सरकार पक्षाने विचारले, एखाद्या उत्तम मेकॅनिकने कानस आणि पॉलिश वापरून ही वस्तू केली, तर तीही कला ठरेल काय? शिल्पकाराच्या बाजूच्या साक्षीचे सार असे की, मेकॅनिक पॉलिश करील, पण अशा वस्तूची कल्पना त्याला सुचणार नाही. हाच मेकॅनिक आणि कलावंत यांच्यातला फरक. म्हणजे शिल्पकार जिंकला तो मेकॅनिकला हरवून. गंमत अशी की, ब्रांकुसीने स्वतःच्या जबानीत सांगितले होते की ओतकाम झाल्यावर कानशींनी आणि बारीक एमरीने घासून आपण ते शिल्प हाताने पुरे केले. मेकॅनिकचेच काम त्याने केले होते. मेकॅनिकच्या कल्पनाशक्तीची बाजू मांडायला मात्र त्या कोर्टात कोणी उभे नव्हते.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातला ख्रिस बॅथगेट हा शिल्पकार पाहताना हा खटला पुन्हा उघडावासा वाटतो. १९८० साली जन्मलेला हा माणूस यंत्रकाम स्वतःच्या प्रयत्नाने शिकला. कोणत्या कारखान्यात त्याने उमेदवारी केली नाही. आपल्या घरच्या वर्कशॉपमध्ये त्याने लेथ, मिलिंग मशीन आणि संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे जमवली. काही जुनी यंत्रे स्वतः बदलून आपल्या गरजेची करून घेतली. त्यांच्यावर तो अॅल्युमिनियम, पितळ, ब्राँझ, स्टेनलेस स्टील यांची शिल्पे करतो. सुचणे त्याचे, ड्रॉइंग त्याचे, सीएनसीचा प्रोग्राम त्याचा, जॉब चकमध्ये धरणाराही तोच आणि शेवटी कीस झाडून काढणाराही तोच.

ही शिल्पे दिसतात कशी? एखाद्या अज्ञात यंत्राचा गाभा उघडून ठेवावा तशी. गोल चकत्या, खाचा पाडलेले नळकांडे, दात्यांसारखे कंगोरे, मध्यभागी एखादा रंगीत गोळा, आणि सगळे बहुधा एका अक्षाभोवती नेमके मांडलेले. पाहणाऱ्याला वाटते, ही वस्तू काहीतरी करीत असणार. वायू मोजत असेल, किरण सोडत असेल. ती काहीच करीत नाही. कारखान्यात नेमकेपणा लागतो तो दुसरा भाग त्यात फिरावा म्हणून, तेल गळू नये म्हणून. येथे तो नेमकेपणा शिल्लक आहे आणि कारण काढून घेतलेले आहे. या पोकळीतच त्या शिल्पांचा सगळा ताण आहे, असे माझे मत.

आपल्या वाचकाला त्या मांडणीत दगडी जाळीची नक्षी किंवा घुमटाची आतली बाजू आठवण्याचा संभव आहे. आठवो बापडी. पण लगेच अध्यात्माकडे धाव घेण्याचे कारण नाही, कारण त्या सममितीचा उगम आधी यंत्रात शोधावा लागतो. लेथवर जॉब फिरतो आणि टूल त्याला छिलत जाते. म्हणून लेथमधून जे निघते ते गोल निघते. मग तो गोल जॉब विभाजन करणाऱ्या चकतीवर बसवून ६, ८, १२ अशा समान भागांत फिरवून मिलिंगने खाचा पाडता येतात. फूल म्हणा, तारा म्हणा, तो या दोन क्रियांच्या लग्नातून जन्मतो. सीएनसीने वाकड्यातिकड्या वाटाही मोकळ्या केल्या. तरी बॅथगेट पुष्कळदा अक्षाकडेच परततो. बासरीतून बासरीचाच सूर निघावा तसे हे आहे. मी याला मर्यादा म्हणत नाही. कवीला वृत्त असते तसे यंत्रकाम करणाऱ्याला यंत्राचे वळण असते.

यंत्रकामातली खरी अक्कल कुठे लागते हे टीकाकारांना सहसा माहीत नसते. ती कापण्यात कमी आणि धरण्यात जास्त लागते. एक बाजू कातून झाली की जॉब उलटा धरायचा. पण ज्या भागावर धरायचे तो भाग आता तयार झालेला, त्यावर चकच्या जबड्याचा ओरखडा उठता कामा नये. मग त्या एका जॉबसाठी मऊ जबडे कातून घ्या, नाहीतर स्वतंत्र फिक्श्चर बनवा. भिंत पातळ असेल तर टूल लागताच ती थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. म्हणून कोणते काम आधी, कोणते नंतर, हा क्रम डोक्यात बसवल्याशिवाय स्विचला हात लावायचा नसतो. तयार शिल्पात ही फिक्श्चरे कुठेच दिसत नाहीत. त्यांच्यावाचून एकही वक्ररेषा अस्तित्वात आली नसती. लेखकाच्या कच्च्या वह्या जपणारी संग्रहालये असतात. फिक्श्चरे बहुधा भंगारात जातात.

रंगाचेही तसेच. अॅल्युमिनियमवर दिसणारा रंग ब्रशने लावलेला नसतो. तो भाग आम्लाच्या द्रावात बुडवून विजेचा प्रवाह सोडला की धातूच्याच कातडीचा ऑक्साइड तयार होतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरतो आणि मग ती छिद्रे मिटवतात. याला अॅनोडायझिंग म्हणतात. हा थर काही मायक्रॉनचाच, पण तो थोडा आत आणि थोडा बाहेर वाढतो. म्हणजे रंग चढला की माप बदलले. जो भाग दुसऱ्यात अलगद सरकायचा तो रंगानंतर अडकू शकतो, म्हणून रंगाचा हिशेब कातण्याआधीच मांडावा लागतो. आपल्या जुन्या कारखान्यांत अजून 'सूत' हे माप बोलीत आहे, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. येथे काम चालते ते इंचाच्या हजाराव्या भागात, म्हणजे जेमतेम २५ मायक्रॉनच्या घरात. माणसाचा केस याच्या दुपटी-तिपटीने जाड असतो.

मेकॅनिकला कल्पना सुचत नाही हे विधान आता या कामासमोर ठेवून पाहावे. कल्पना आधी पूर्ण झाली आणि मग हातांनी ती उतरवली, असे इथे घडत नाही. जॉब कसा धरता येईल यातून आकार सुचतो, आणि हव्या त्या आकारासाठी धरण्याची नवी युक्ती सुचते. सुचणे आणि करणे यांच्यामध्ये सुरी फिरवायला जागाच उरत नाही.

कलाव्यवहाराने मात्र ही सुरी वारंवार फिरवली आहे. १९३४ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 'मशीन आर्ट' नावाचे प्रदर्शन भरवले. फिलिप जॉन्सनने मांडलेल्या त्या प्रदर्शनात स्प्रिंगा, जहाजाचा पंखा, बॉल बेअरिंग या वस्तू शिल्पांच्या थाटात ठेवल्या होत्या. धाडसी काम होते. श्रेय मात्र कंपन्यांना आणि आरेखन करणाऱ्यांना. ज्याने ती बेअरिंग घासून मापात आणली त्याचे नाव तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १९६० च्या दशकात डोनाल्ड जडसारख्या शिल्पकारांनी आपल्या पेट्या पत्र्याचे काम करणाऱ्या कारखान्यांतून करून घेतल्या. जडच्या टेक्ससमधल्या शंभर अॅल्युमिनियम पेट्या मला थोर वाटतात. पण जडचा भर हात बाजूला काढण्यावर होता. बॅथगेट हात पुन्हा आत घालतो, आणि तोही यंत्राचा हात, हे विशेष. नुसत्या हातकामाचे कौतुक करायला कलाजगत आता शिकले आहे. यंत्रामागच्या हाताकडे ते अजून संशयाने पाहते. सीएनसी आहे ना, मग बटण दाबले की झाले, असा आक्षेप त्याच्यासारख्यांवर सर्रास येतो. बटण दाबणे हे या कामातले सर्वांत छोटे काम आहे.

हा विषय मी या वार्षिकात मांडतो आहे त्याला कारण आहे. आयटीआयच्या फळ्यांवर मराठीत ज्यांना कातारी आणि जोडारी म्हणतात, ते टर्नर-फिटर आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. गॅरेजे, लेथच्या टपऱ्या, यंत्रमागाचे सुटे भाग करणारी दुकाने यांवर कित्येक घरे उभी राहिली. आपल्या कथा-कवितांत हा माणूस येतो, पण दमलेला येतो. काळवंडलेले हात, थकलेला पगार, यंत्रात गेलेले बोट. हे सारे खरेच आहे आणि ते लिहिलेच पाहिजे. त्याच माणसाला ठाऊक असलेले हुनर मात्र आपल्या साहित्यात जवळपास आलेच नाही. टूलच्या आवाजावरून धार गेल्याचे त्याला कळते, हा प्रसंग कोणत्या कथेत आहे? त्याचे दुःख आपण वाटून घेतले, त्याची बुद्धी त्याच्यापाशीच ठेवली.

परंपरा तर अशी नव्हती. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या अल-जझरीने १२०६ साली यंत्रांवरचा आपला ग्रंथ पुरा केला. पाण्याची घड्याळे, कारंजी, हात धुण्यासाठी पाणी ओतणाऱ्या बाहुल्या अशी ५० यंत्रे त्यात आहेत. नुसते नवल सांगून तो थांबत नाही. भाग कोणत्या धातूचा, माप किती, सांधा कसा, हे आकृतीला अक्षरे देऊन सांगतो, दुसऱ्या कारागिराला ते करता यावे म्हणून. आपल्या शेजारच्या बिदरचे काम पाहा. जस्त आणि तांब्याचे ओतीव भांडे कातून-घासून गुळगुळीत करायचे, त्यावर कोरायचे, चांदी बसवायची आणि शेवटी किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या काढ्याने काळे करायचे. काळेपणा धातूवरच येतो, चांदी जशीच्या तशी राहते. तेथेही रंग हा रसायनाचाच भाग आहे, वरून दिलेला नाही. बॅथगेटने बिदरी पाहिली असेल-नसेल, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. धातूशी बोलणारे एकाच भाषेत बोलतात एवढेच दिसते.

आता त्याच्या कामातले न पटणारे. काही शिल्पे फार निर्दोष आहेत. सगळ्या कडा मोडलेल्या, सगळे पृष्ठ एकसारखे, टूलची रेघ कुठे राहिलेली नाही; अशा वेळी ती परग्रहावरच्या चित्रपटातील सामानासारखी भासतात आणि नजर घसरून जाते. जिथे स्क्रूची डोकी उघडी आहेत, जिथे दोन भाग कुठे मिळाले ती रेषा दिसते, तिथे ती बोलू लागतात. कारण जोडणी हीच त्यांची कथा आहे. शिवाय यांतले पुष्कळ काम आपल्यापर्यंत येते ते छायाचित्रांतून, साध्या पार्श्वभूमीवर. छायाचित्रात मनोऱ्यासारखी वाटणारी वस्तू प्रत्यक्षात टेबलावर मावते. अलीकडे त्याने हातात सरकवून चाळा करायच्या, खिशात मावणाऱ्या लहान कृतींच्या मर्यादित आवृत्त्याही काढल्या. कोणी म्हणेल, शिल्पाची खेळणी झाली. मला तसे वाटत नाही. दोन भाग एकमेकांवर किती अलगद चालतात हे डोळ्याला कळत नाही, बोटाला कळते. आणि संग्रहालयात हात लावायची मनाई असते.

आपल्या शिल्पांना तो नावे देत नाही, अक्षरे आणि आकड्यांची लांब मालिका देतो, सुट्या भागाच्या क्रमांकासारखी. आणि शिल्पाबरोबर पुष्कळदा त्याचे तांत्रिक ड्रॉइंगही मांडतो. भाग सुटे करून दाखवलेले, कोणता कशात बसतो ते उघड. आपला मार्ग कोणी चोरेल याची त्याला भीती दिसत नाही. एखाद्या हुशार कातारीने ते ड्रॉइंग आपल्या बेंचवर पसरले, तर तो आधी मापे वाचील, मग धातू ठरवील, आणि मग बराच वेळ एकाच प्रश्नावर अडून बसेल, की हा मधला भाग धरायचा कुठून. त्याचे उत्तर कागदावर नाही.