तेरेझीन : एका दिवसाचे पाहुणे

सकाळी प्रागमधली जुनी ज्यू वस्ती, दुपारी तेरेझीन, दिवेलागणीला परत हॉटेलवर. प्रागमध्ये अशा एकदिवसीय सहली सर्रास विकल्या जातात. मी गेली काही वर्षे कोकणातल्या बेने इस्राएलांच्या जुन्या कबरस्तानांतले हिब्रू आणि मराठी लेख उतरवून घेतो आहे. त्या नावांमागून जाता जाता युरोपातल्या ज्यूंच्या इतिहासाकडे वळलो आणि गेल्या वर्षी ही सहल केली. तिचे प्रवासवर्णन इथे करायचे नाही. ही स्मारके पाहणाऱ्याला काय दाखवतात आणि काय पाहिल्याचे समाधान देऊन परत पाठवतात, एवढेच तपासायचे आहे.

प्रागमधल्या पिंकस सिनेगॉगपासून सुरुवात करू. 1535 साली बांधलेल्या या वास्तूत आज पाहण्यासारख्या आहेत त्या भिंती, आणि भिंतींवरची नावे. बोहेमिया आणि मोराव्हियातल्या सुमारे 78 हजार बळींची ही यादी हाताने लिहिलेली आहे. गावाचे नाव सोनेरी, आडनाव लाल, मग काळ्या अक्षरांत व्यक्तीचे नाव, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख. मृत्यूची तारीख ठाऊक नसेल तिथे पूर्वेकडे रवाना झालेल्या गाडीची तारीख आहे. वात्स्लाव बोश्तीक आणि यिर्झी योन या चित्रकारांनी 1954 ते 1959 या काळात हे काम केले. पुढे पायात पाणी मुरले, 1968 मध्ये वास्तू बंद झाली आणि दुरुस्ती दोन दशकांहून अधिक काळ रखडली. तेवढ्यात नावे गेली. कम्युनिस्ट राजवट संपल्यावर, 1992 ते 1996 मध्ये, ती सगळी पुन्हा लिहून काढावी लागली.

म्हणजे ही माणसे भिंतीवरूनही एकदा पुसली गेली होती. मला या स्मारकाचे मोठेपण इथेच दिसते. दगडात कोरलेले टिकते, असे आपण धरून चालतो. इथे साधा रंग आहे आणि तो टिकवण्यासाठी कुणीतरी राबत राहावे लागते. आमच्या गटाला मात्र या भिंतींसाठी दहा मिनिटे मिळाली. दहा मिनिटांत नावे वाचून होत नाहीत. डोळ्यांपुढे फक्त लाल-काळी नक्षी उरते.

याच फेरीत वाटाडे एक गोष्ट हमखास सांगतात. हिटलरला म्हणे प्रागमध्ये ‘नामशेष वंशाचे संग्रहालय’ उभारायचे होते, म्हणून इथल्या वस्तू वाचल्या. गोष्ट चटकदार आहे, पण हिटलरच्या अशा आदेशाला कागदोपत्री आधार मिळालेला नाही. ज्यू संग्रहालय 1906 पासूनच होते. 1942 पासून नाझींच्या देखरेखीखाली 153 ज्यू समाजांच्या वस्तू तिथे आणल्या गेल्या आणि ज्यू कर्मचाऱ्यांनी त्यांची नोंद केली. त्यांतले बहुतेक पुढे स्वतःच छावण्यांत धाडले गेले. त्यांनी काळजीपूर्वक भरलेल्या नोंदपत्रांचे श्रेय अशा गोष्टीमुळे मारेकऱ्याच्या लहरीला जाते. संशोधकाने याला हरकत घ्यायलाच हवी.

तेरेझीन प्रागच्या उत्तरेला सुमारे 60 किलोमीटरवर आहे. सम्राट दुसऱ्या जोसेफने 1780 मध्ये हे किल्लेबंद गाव बांधायला घेतले आणि त्याला आपल्या आईचे, मारिया तेरेझाचे, नाव दिले. इथे दोन जागा आहेत आणि त्यांची गल्लत होते. नदीपलीकडचा छोटा किल्ला हा गेस्टापोचा तुरुंग होता. तिथे मुख्यतः राजकीय कैदी असत. ज्यूंचा घेट्टो म्हणजे खुद्द गाव. नोव्हेंबर 1941 पासून तिथे 1 लाख 40 हजारांहून अधिक माणसे आणली गेली. सुमारे 33 हजार तिथेच उपासमारीने आणि रोगाने मेली, सुमारे 88 हजार पूर्वेकडे पाठवली गेली. त्यांतून परतली ती थोडकी.

सहलीचा बहुतेक वेळ मात्र छोट्या किल्ल्यात जातो. तिथे कोठड्या आहेत, कमानीवर ‘श्रमाने मुक्ती’ असे अर्थाचे ते कुप्रसिद्ध जर्मन वाक्य आहे. आपण सिनेमात पाहिलेली छावणी तिथे सापडते, म्हणून छायाचित्रेही तिथेच निघतात. गावात काय दिसते? सरळ रस्ते, चौक, झाडे, वाळत घातलेले कपडे. आज तिथे लोक राहतात. पाहणारा थोडा निराश होतो. कम्युनिस्ट काळात भर किल्ल्यावर आणि राजकीय कैद्यांवर होता. घेट्टोचे संग्रहालय उघडायला 1991 साल उजाडले. तो जुना कल सहलीच्या वेळापत्रकात अजून शिल्लक आहे.

पण हे गाव साधे दिसते, यातच त्याचा इतिहास आहे. 23 जून 1944 रोजी इथे असेच एका दिवसाचे पाहुणे आले होते. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसतर्फे मॉरिस रोसेल, आणि सोबत डेन्मार्कचे दोन प्रतिनिधी. त्याआधी कित्येक आठवडे गाव सजवले जात होते. घरांना रंग, चौकात फुलांचे वाफे, वाद्यवृंदासाठी मंडप, मुलांसाठी क्रीडांगण. गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यात साडेसात हजार माणसे आउश्वित्झला पाठवली गेली. पाहुण्यांना ठरलेल्या वाटेने फिरवले गेले. मुलांनी हान्स क्रासाचा ‘ब्रुन्दिबार’ हा ऑपेरा सादर केला. रोसेलने छायाचित्रे काढली आणि अनुकूल अहवाल लिहिला. इथून कुणाला पुढे पाठवले जात नाही, असे त्याने मानले. त्याच वर्षीच्या शरदात क्रासासकट हजारो जण आउश्वित्झला गेले.

1979 मध्ये क्लोद लान्झमानने रोसेलची मुलाखत घेतली. पस्तीस वर्षांनंतरही तो आपल्या अहवालाशी ठाम होता. त्याला मूर्ख ठरवणे सोपे आहे. मला त्याची ओळख नकोशी वाटली, कारण आमचाही दिवस तसाच गेला होता : ठरलेली वाट, ठरलेले थांबे, खिशात कॅमेरा. फरक अर्थातच मोठा आहे. त्याला जाणूनबुजून फसवले गेले. आपल्यापुढे सगळी कागदपत्रे उघडी आहेत. म्हणून आपली जबाबदारी त्याच्याहून जास्त.

घेट्टोत फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीने मुलांना चित्रकला शिकवली. प्रत्येक मुलाने चित्रावर स्वतःचे नाव घालावे, असा तिचा आग्रह असे. ऑक्टोबर 1944 मध्ये तिला आउश्वित्झला नेले. मागे राहिलेल्या दोन पेट्यांत सुमारे साडेचार हजार चित्रे होती. त्यांतली काही आज पिंकस सिनेगॉगच्या वरच्या मजल्यावर पाहायला मिळतात. सकाळी आम्ही ती पाहिली होती. पण तेव्हा तेरेझीन पाहिलेले नव्हते, म्हणून ती नुसती गोड वाटली. फुलपाखरे, घरे, जेवणाचे टेबल. घरच्या टेबलाचा अर्थ गाव पाहिल्यावर कळतो.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. ही सहल उलटी करावी. सकाळी आगगाडीने बोहुशोव्हित्सेला उतरावे आणि तिथून तेरेझीनपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर पायी जावे. 1943 मध्ये रुळांचा फाटा गावापर्यंत येईतो कैदी सामान घेऊन हेच अंतर चालत असत. किल्ला वगळला तरी चालेल, गाव वगळू नये. मग प्रागला परतून पिंकसच्या भिंतीवरचे एखादे लहान गाव निवडावे आणि त्या एका गावाची सगळी नावे, तारखांसकट, शेवटपर्यंत वाचावीत. कोकणातल्या कबरीवर निदान दगड असतो. या माणसांना दगड नाही; ही ओळ हीच त्यांची कबर, आणि तिला वाचणारा लागतो.