गिटहबची विक्री आणि प्रोग्रामरांचे आक्षेप : एक परीक्षण

४ जून २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने गिटहब ही कंपनी ७५० कोटी डॉलर किमतीचे स्वतःचे समभाग देऊन विकत घेण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबर रोजी तो व्यवहार पुरा झाला. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबवर विक्रीच्या वेळी, तिच्या चालकांच्याच सांगण्याप्रमाणे, २ कोटी ८० लाख प्रोग्रामर आपला सोर्स कोड ठेवीत असत. ही वार्ता पसरताच त्यांच्यात जी खळबळ उडाली ती बाजारातील नित्याच्या कुजबुजीहून निराळी होती. विकल्या गेलेल्या वस्तूच्या मोलात आपल्या श्रमाचा मोठा वाटा आहे, परंतु विक्रीच्या वेळी आपणांस कोणी विचारले नाही, अशी ती व्यथा होती. तिच्यातून पुढे आलेल्या आक्षेपांचे मूल्य किती, हे आता पुरेशा अंतरावरून तपासता येते. प्रस्तुत टिपणाचा हेतू तेवढाच आहे.

पहिला आक्षेप ग्राहकाच्या पूर्वचरित्राचा होता. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती, याचे विस्मरण मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांना झाले नव्हते. याच्या उलट, २०१४ पासून त्याच कंपनीने आपल्या डॉट नेट प्रणालीचा मोठा भाग खुला केला होता आणि पुढे ती स्वतःच गिटहबवर मोठ्या प्रमाणावर काम करू लागली होती, असे समर्थक म्हणत. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. पण दोघांनीही वाद मालकाच्या शीलावर नेऊन ठेवला, हा त्यातील दोष होय. शील पालटते. ज्याची सुरक्षितता मालकाच्या सद्बुद्धीवर अवलंबून असते, तो भाडेकरूच म्हटला पाहिजे. मग मालक उदार असो वा कृपण.

दुसरा आक्षेप हेळसांडीचा होता आणि त्यास अनुभवाचा आधार होता. एके काळी याच क्षेत्रात अग्रेसर असलेल्या सोर्सफोर्जने २०१५ मध्ये गिंप या चित्रप्रणालीच्या विंडोज आवृत्तीबरोबर जाहिरातींची जोड देऊन तिच्या कर्त्यांचा रोष ओढवून घेतला होता. गूगलने आपले कोडभांडार गुंडाळले होते. खुद्द मायक्रोसॉफ्टचे कोडप्लेक्स २०१७ मध्ये बंद झाले होते. तथापि गिटहबची तशी गत झाली नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जानेवारी २०१९ पासून खाजगी भांडारे विनामूल्य मिळू लागली. २०२० मध्ये संघांसाठीच्या मूलभूत सोयीही निःशुल्क झाल्या. गिटहबचा स्वतःचा ॲटम हा संपादक २०२२ च्या अखेरीस निवृत्त करण्यात आला खरा. परंतु एकंदरीत घर पडले नाही, उलट त्याची डागडुजी झाली. या आक्षेपातील भविष्यवाणी चुकली, असेच म्हणावे लागेल.

यावरून आक्षेपक भित्रे होते असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. त्यांची भीती खोटी नव्हती. तिचा रोख चुकला होता. ग्राहक कोण, हा त्यांचा प्रश्न होता. ही वस्तू मुळात विक्रेय का झाली, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

वस्तुतः त्याचे उत्तर गिटच्या जन्मकथेतच होते. लिनक्सचे काम पूर्वी बिटकीपर या खाजगी साधनावर चाले. २००५ मध्ये त्याच्या मालकाने दिलेली विनामूल्य सवलत काढून घेतली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी दुसरा दयाळू मालक शोधला नाही; प्रत्येक प्रतीत संपूर्ण इतिहास साठविणारे नवे साधनच निर्माण केले. पोथीची पूर्ण प्रत घरोघर असेल, तर एका घराच्या आगीत ती नष्ट होत नाही. परंतु गिटहबवर केवळ पोथी नव्हती. तिच्याभोवतीच्या शंका, समाधाने, दुरुस्तीच्या सूचना, परस्परांचे परीक्षण आणि त्यातून प्रत्येकास मिळालेला लौकिक हे सारे एकाच वाड्यात साठत गेले. हा भाग गिटच्या प्रतीत येत नाही. ७५० कोटींची किंमत प्रामुख्याने या वाड्याची आणि तेथील वर्दळीची होती.

मग त्या दिवसांत हजारो भांडारे गिटलॅबकडे हलविली गेली, त्यातून काय साधले? गिटलॅबचा गाभा खुला होता आणि तो स्वतःच्या यंत्रावर चालविता येई, हा लाभ खरा. परंतु बहुतेकांनी त्या कंपनीच्याच स्थळाचा आश्रय घेतला. आणि ते स्थळ तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच अझूर सेवेवर चालत होते. ऑगस्ट २०१८ मध्ये ते गूगलच्या सेवेवर गेले. वाडा बदलला; कूळपण राहिले.

पुढील घटनांनी हा भेद स्पष्ट केला. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रिमिया येथील प्रोग्रामरांच्या खात्यांवर मर्यादा आल्या. हे ग्राहकाच्या स्वभावामुळे नव्हे, तर वाडा एका देशाच्या कायद्याखाली असल्यामुळे घडले. जून २०२१ मध्ये सार्वजनिक कोडवर शिकविलेले कोपायलट पुढे आले. ज्या परवान्यांत कर्त्याचा नामनिर्देश आवश्यक आहे त्यांचे काय, असा प्रश्न उठला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दावा दाखल झाला, पण त्यातील बहुतेक मागण्या न्यायालयाने फेटाळल्या. सार्वजनिक कोड कोणीही वाचू शकतो, तेव्हा यासाठी गिटहब विकत घेण्याची आवश्यकता नव्हती, हा प्रतिवाद विचारार्ह आहे. परंतु कर्त्यांच्या वतीने विश्वस्त म्हणून उभे राहणे ज्याला शक्य होते, तोच येथे त्या संचयाचा उपभोक्ता झाला, हे या प्रतिवादाने नाकारले जात नाही.

गिटहब स्वतंत्रपणे चालेल, असे आश्वासन २०१८ मध्ये देण्यात आले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्या प्रमुखांनी पद सोडण्याचे जाहीर केले आणि ती मायक्रोसॉफ्टच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागाशी जोडण्यात आली. आश्वासन सात वर्षे टिकले. ते बंधनकारक असते तर त्याची वर्षे मोजण्याचे कारण पडले नसते.

बर्लिनमधील कोडबर्गसारख्या, सभासदांच्या मालकीच्या ना-नफा संस्था दुसरा मार्ग दाखवितात. तो मार्ग स्वस्त नाही : तेथे वर्गणी द्यावी लागते आणि यंत्रांची राखणही सभासदांनाच करावी लागते. विनामूल्य वाड्यात राहून मालकीचा अधिकार सांगणे ही २०१८ च्या आक्षेपांतील मूळ विसंगती होती. ज्यांचे संशोधन आज अशाच वाड्यांत साठत आहे त्या अभ्यासकांनी, विद्यापीठांनीही, पुढील विक्रीच्या वार्तेची वाट न पाहता आपल्या कोडबरोबर त्याभोवतीच्या चर्चेचीही प्रत आपल्यापाशी ठेवली पाहिजे. आणि तिच्या राखणीचा खर्च आपला मानला पाहिजे.