गळ आणि कुंड
(‘द रॉड इन इंडिया’च्या निमित्ताने)

परदेशी मत्स्यशौकिनांच्या प्रवासवर्णनांचा एक ठरलेला साचा आहे. मोटारीने दूरचा डोंगर गाठावा, थंड ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहावे आणि पिसांची खोटी माशी अलगद सोडून तेथील ट्राउट माशास भुलवावे. निपाणी-बेळगावकडील वाचक येथेच अडतो, कारण आपल्या ओढ्यांत ट्राउट नाही. काश्मीर आणि निलगिरीत तो आहे, परंतु तेथेही साहेबाने स्वतःच्या करमणुकीसाठी बाहेरून आणून सोडलेला.

या वाङ्मयातील आपल्या बाजूचा नामांकित ग्रंथ हेन्री सलिव्हन टॉमसचा. हा दक्षिण कानड्याचा कलेक्टर. ग्रंथ १८७३ साली मंगळुरासच प्रसिद्ध झाला. सह्याद्रीच्या नद्यांतील महसीर आकाराच्या मानाने विलायतेच्या सामनहून अधिक झुंजतो, असा त्याचा निर्वाळा आहे. राज्यकर्त्याने येथील जलचरास मायदेशाच्या लाडक्या माशाहून वरचे आसन द्यावे, ही लहान गोष्ट नव्हे. ग्रंथाचे खरे बळ मात्र निरीक्षणात आहे; पाणमांजरेही त्यातून सुटलेली नाहीत. आपले तीर्थवर्णनकार पायऱ्या मोजतात, माहात्म्य सांगतात. पाण्यात काय हलते याविषयी बहुधा मुके असतात.

तथापि गळाच्या नजरेस एक व्यंग आहे. जो झुंजत नाही, तो मासा तिच्या हिशेबात फारसा येत नाही.

संकेश्वराहून गडहिंग्लज, आजरा या वाटेने आंबोलीस जाणारा रस्ता बराचसा हिरण्यकेशीच्या सोबतीने चढतो. उगमाशी देवीचे मंदिर, गुहेतून येणारे पाणी आणि कुंड आहे. या पाण्यातल्या बोटाएवढ्या माशास २०२० साली शास्त्रज्ञांनी नवी जात ठरवून ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव दिले. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तेथील २.११ हेक्टर जागा जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केली. टॉमसच्या काठीला हा मासा कधी लागला नसता. पण मग आमच्या नमस्काराला तरी तो कोठे दिसला? नुस्त्यावाचून ताट अपुरे मानणारे आम्ही लोक. त्या काठावर ओंजळ भरून घेतली आणि परतलो.

देवाच्या पाण्यात गळ टाकू नये, या संकेताने अनेक डोहांतले मासे वाचविले, हे आम्ही मानतो. परंतु ज्या पाण्यात गळ टाकणे पाप, त्याच पाण्यात साबण लावून स्नान करणे आणि निर्माल्य सोडणे आपल्या कितीतरी तीर्थांवर चालते. बोटाएवढ्या माशाला गळापेक्षा साबणाचेच भय अधिक. श्रद्धेने कुंपण घातले, पण आत डोकावण्याची सवय लावली नाही, हा आमचा आक्षेप आहे.

टॉमसची चिकाटी घेऊन, काठी मात्र घरी ठेवून, कोणी संकेश्वरापासून उगमापर्यंत ही नदी पायी पाहावी. रामतीर्थाच्या धबधब्याखाली कोणते मासे आहेत, वैशाखात कोणत्या डोहात पाणी उरते, ते मराठीत वा कोंकणीत लिहावे. असे पुस्तक आमच्या वाचनात अद्याप आलेले नाही.