‘लॉक’ या संज्ञेची अर्थव्याप्ती : आज्ञावली-भांडारांच्या संदर्भात

आज्ञावलींचे भांडार, म्हणजे व्यवहारातील रिपॉझिटरी, ‘लॉक केले आहे’ असे सर्रास लिहिले जाते. या क्रियापदाने नेमकी कोणती क्रिया सूचित होते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः या एका शब्दाखाली तीन भिन्न व्यवहार एकत्र आले आहेत.

पहिला अर्थ जुना आहे. वॉल्टर टिची यांच्या आरसीएस पद्धतीत (१९८२) फाइल बदलू इच्छिणाऱ्याने प्रथम तिच्या आवृत्तीस कुलूप लावावे, असा दंडक होता. लावणाराचे नाव फाइलीतच नोंदले जाई. दुसऱ्या कोणी ते कुलूप तोडल्यास मूळ व्यक्तीस पत्र जाई, आणि तोडणाराकडून मागून घेतलेले स्पष्टीकरण त्यात असे. म्हणजे कर्ता आणि कारण ही दोन्ही या व्यवहारात उक्त होती.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्मिलेल्या गिटमध्ये प्रत्येकाजवळ इतिहासासह स्वतंत्र प्रत असते. त्यामुळे असल्या कुलपाची निकड सामान्यतः उरली नाही. शब्द मात्र टिकला आणि फाइलीवरून संपूर्ण भांडाराकडे सरकला. भांडाराचे स्थलांतर चालू असता मध्येच बदल होऊ नयेत म्हणून ते लॉक करतात. धनी स्वतःच २०१७ पासून गिटहबवर उपलब्ध असलेल्या ‘अर्काइव्ह’ सोयीने ते केवळ वाचनापुरते ठेवू शकतो आणि पुन्हा उघडूही शकतो. हा दुसरा अर्थ.

तिसऱ्या अर्थी कर्ता बदलतो : यजमान-संस्थाच भांडार बंद करते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी ‘एक्सझेड’ या संक्षेपण-साधनात दडविलेली घातक आज्ञावली उघडकीस आणली. त्यानंतर गिटहबने ते भांडार बंद केले. एप्रिलमध्ये ते पुन्हा उघडले. विषारी संच पसरू नयेत, हा हेतू रास्तच होता. परंतु त्याच वेळी तपास करणाऱ्यांना तेथील चर्चा आणि वितरित संच पाहता येईनात. इतिहासाची प्रत कर्त्यांच्या स्वतंत्र सर्व्हरवर होती. चर्चा मात्र गिटच्या प्रतीत येतच नाही, ती यजमानापाशीच राहते. ‘प्रत सर्वांजवळ असते’ हे गिटविषयीचे विधान म्हणूनच अर्धेच खरे ठरते.

‘लॉक केले आहे’ या कर्मणी रचनेत हा भेद लोपतो, कारण कर्ता अध्याहृत राहतो. मराठीत हा भेद करण्याची सोय आधीच आहे. घरधनी बाहेर पडताना घराला ‘कुलूप लावतो’. कारखान्याचा मालक कामगारांना बाहेर ठेवतो तेव्हा ती ‘टाळेबंदी’ होते, आणि सत्ताधारी ‘टाळे ठोकतो’. मूळ वस्तू एकच असली, तरी रूढीने दोन शब्दांत अधिकाराची जाणीव वेगळी झाली आहे. तेव्हा ‘लॉक’साठी सरसकट ‘कुलूपबंद’ हा एकच पर्याय योजणे सदोष होय. पहिल्या व दुसऱ्या अर्थी ‘कुलूप’ आणि तिसऱ्या अर्थी ‘टाळे’ हा विभाग अधिक समर्पक ठरेल.

यावर असा आक्षेप संभवतो की, शब्द बदलल्याने बंद भांडार उघडत नाही. आक्षेप खरा आहे. परंतु टाळे कोणी ठोकले, कशासाठी आणि कोठवर, हे विचारण्यासाठी ते टाळे आहे हे आधी ओळखावे लागते. आरसीएसमध्ये एका फाइलीचे कुलूप तोडणारासही कारण द्यावे लागे. समग्र भांडार बंद करणाऱ्या संस्थेकडून याहून कमी अपेक्षा ठेवणे युक्त नव्हे.