द्रव्यांची नावे : पदार्थसंशोधनाच्या मराठी परिभाषेचे परीक्षण

‘पदार्थविज्ञान’ हा शब्द मराठीत दीर्घकाळ भौतिकीसाठी योजला जात असे. आज तोच शब्द धातू, तंतू, लेप, राळा व वंगणे यांचा अभ्यास करणाऱ्या एका निराळ्याच शास्त्रासाठी वापरात येऊ लागला आहे. एकाच नावाने दोन शास्त्रे ओळखली जाणे ही केवळ कोशकाराची अडचण नव्हे. जुन्या ग्रंथसूचीत ‘पदार्थविज्ञान’ या सदराखाली काय सापडेल याची कल्पना नव्या विद्यार्थ्यास असत नाही. आणि ज्या शास्त्राचे नावच उसने, त्याच्या अंतर्गत संज्ञांविषयी फारसा काटेकोरपणा बाळगला गेला नसेल, ही शंका रास्त ठरते. ती कितपत खरी आहे हे पाहावयाचे असेल तर सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांइतका सोयीचा प्रदेश दुसरा क्वचितच मिळेल. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश आकारास आला. त्याचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये व पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाईवरून येणारी कृष्णा कऱ्हाड, सांगली करीत मिरजेजवळून पुढे जाते. वाईस शब्द घडले. मिरजेस व किर्लोस्करवाडीस वस्तू घडल्या. या दोन घडणींचा परस्परांशी संबंध किती आला, हा येथील प्रश्न आहे.

प्रथम ‘संमिश्र’ हा शब्द घ्यावा. गणितात संमिश्र संख्या आहे. शालेय विज्ञानात पितळ व पोलाद ही संमिश्रे आहेत. आणि काचतंतू राळेत बसवून केलेल्या द्रव्यासही संशोधक संमिश्रच म्हणतात. गणिताचा प्रश्न सोडून देता येईल, कारण तेथे गोंधळ होण्याचा संभव नाही. परंतु पितळ आणि काचतंतूचे द्रव्य यांत तत्त्वतःच भेद आहे. पितळेत तांबे व जस्त यांचे अणू एकमेकांत इतके मिसळलेले असतात की डोळ्यास तर नाहीच, पण साध्या सूक्ष्मदर्शकासही ते वेगळे दिसत नाहीत. दुसऱ्या द्रव्यात तंतू हा तंतूच राहतो, राळ ही राळच राहते, आणि दोहोंमधील पृष्ठावरून भार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्या शास्त्राचे सारे मर्म या मधल्या पृष्ठात आहे. नेमके तेच ‘संमिश्र’ या शब्दाने पुसून टाकले जाते.

‘मिश्रधातू’ हा शब्द हाताशी असता ‘संमिश्र’ का आला? पोलादातील कार्बन हा धातू नव्हे, म्हणून ‘मिश्रधातू’ अशुद्ध, असा आक्षेप घेता येतो. हा आक्षेप समासाच्या चुकीच्या विग्रहावर उभा आहे. ‘धातूंचे मिश्रण’ असा विग्रह केला तर कार्बन आड येतो. ‘मिश्र असा धातू’ असा कर्मधारय मानला तर काहीच आड येत नाही. ‘मिश्रधातू’ पितळेस व पोलादास देऊन टाकावा आणि तंतुमय द्रव्यासाठी ‘जोडद्रव्य’ यासारखा शब्द विचारात घ्यावा. जोडाक्षराची उपमा येथे चांगली लागू पडते : ‘प्र’ मध्ये प आणि र दोन्ही ओळखू येतात, ‘क्ष’ मध्ये घटक ओळखू येत नाहीत. पहिले जोडद्रव्य, दुसरा मिश्रधातू. अर्थात ‘जोड’ म्हणताच दोनांचीच कल्पना मनात येते आणि तीन-चार घटकांच्या द्रव्यास तो शब्द अपुरा वाटतो, हेही मान्य केले पाहिजे. वस्तू मात्र नवी नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप, किंवा माणदेशातील धाब्याच्या घराची भुसा घालून तुडवलेली माती, ही याच जातीची द्रव्ये होत. त्या मातीबाबत ‘मुरवणे’ ही जी क्रिया बोलली जाते, तिच्यातील काळाची कल्पना ‘मिश्रणप्रक्रिया’ या शब्दात शिल्लक राहत नाही.

लेपांच्या बाबतीत हानी अधिक मोठी आहे. बोलीत कल्हई लावतात, मुलामा देतात, वर्ख लावतात, पॉलिश मारतात, रंगाचा हात देतात. पारिभाषिक लेखनात या सर्वांचे एकच ‘विलेपन’ होते. वस्तुतः कल्हईत तापलेल्या तांब्याशी कथिलाचा संयोग होऊन मध्ये एक तिसरे द्रव्य तयार होते. वर्ख नुसता बसलेला असतो. जातिवाचक नाव म्हणून ‘विलेपन’ अवश्य असावे, पण त्याने पोटजातींची नावे गिळू नयेत. (संस्कृतात विलेपन म्हणजे अंगास चंदनादिकांची उटी. लोखंडी नळास ती लावलेली पाहून काव्यशास्त्रज्ञास गंमत वाटेल.)

या संदर्भात मिरजेचा दाखला विशेष लक्षणीय आहे. तेथील तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकातील फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून सांगितली जाते, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगार म्हणजे शस्त्रांस धार व झिलई देणारा. नावाच्या मुळाशी असलेला अरबी शब्द झिलई करणाराच दर्शवितो. म्हणजे पृष्ठसंस्काराचा हा व्यवसाय पोलादावरून लाकडावर व भोपळ्यावर आला. वाद्यावर चढणारे पारंपरिक पॉलिश म्हणजे स्पिरिटात विरघळविलेली लाख. कारागीर ‘हात’ मोजतो. संशोधक ‘थर’ मोजतो. हे दोन शब्द समानार्थक नाहीत. हात ही क्रिया आहे, थर हे फळ. लाखेचा नवा हात दिला की त्यातील स्पिरिट आधीच्या हाताचा पृष्ठभाग थोडासा विरघळविते आणि दोन्ही एकजीव होतात. म्हणून अनेक हात देऊनही थर एकच असतो. उलट, आत जाळे बांधून पक्क्या झालेल्या आधुनिक रंगाचे दोन हात हे दोन थरच राहतात आणि पुढे त्यांच्या सांध्यातूनच पापुद्रे सुटू शकतात. एखाद्या प्रबंधाच्या मराठी सारांशात ‘दहा थर दिले’ असे वाक्य आले, तर प्रयोग कोणता झाला हे त्यावरून कळणार नाही. ‘दहा हात दिले’ म्हटल्यास निदान प्रयोग तरी कळेल.

वंगणाविषयी थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण तेथे मराठीने आपला शब्द राखला आहे. बैलगाडीखाली टांगलेल्या नळीतील ‘वंगण’ यंत्रशास्त्रात सुखाने आले. हिंदीच्या अनुकरणाने ‘स्नेहक’ लिहिण्याचे कारण नाही. पण लोकभाषेतील सर्वच शब्द असे उपयोगी पडत नाहीत. ‘दाटपणा’ हा शब्द घनता व श्यानता या दोन्ही गुणांवर पांघरूण घालतो. पारा पाण्याच्या साडेतेरापटींहून अधिक जड असूनही सहज वाहतो. एरंडेल पाण्याहून हलके असूनही रेंगाळते. येथे ‘श्यानता’ हा घडविलेला शब्दच हवा. एरंडेलाचा हा रेंगाळणारा गुण त्यातील रिसिनोलेइक आम्लाच्या हायड्रॉक्सिल गटामुळे येतो, आणि १९४२ पासून प्रचारात आलेल्या लिथियम ग्रीसचे आम्लही याच तेलापासून काढतात. गाड्याच्या वंगणापासून कारखान्याच्या ग्रीसपर्यंत एकच बी पुरले आहे.

‘बहुवारिक’ या शब्दाची पुष्कळ थट्टा झाली आहे. ती अनाठायी होय. ग्रीक मुळात ‘भाग’ हा अर्थ आहे, तर मराठी शब्दात ‘वार’, म्हणजे आवृत्ती, हा अर्थ येतो. पण साखळीत एकच घटक पुनःपुन्हा येतो ही गोष्ट त्यातून अधिक स्पष्ट होते. शिवाय एकवारिक, द्विवारिक, सहबहुवारिक असे कुटुंब त्यातून वाढते. खरा दोष ‘जैवविघटनशील’ या विशेषणात आहे. उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्यास ‘कुजणे’ म्हणजे काय ते नेमके ठाऊक असते, आणि हे विशेषण तो स्वाभाविकच त्या अर्थाने वाचतो. शेतात पडलेले चिपाड कुजते. साखरेपासून वा स्टार्चपासून केलेल्या पॉलिलॅक्टिक आम्लाची पिशवी कंपोस्ट कारखान्यातील सुमारे ६० अंश सेल्सियस उष्णतेत विघटित होते, पण त्याच शेताच्या साध्या मातीत वर्षानुवर्षे जवळजवळ तशीच पडून राहू शकते. दोहोंना विशेषण मात्र एकच दिले जाते.